कुठे ते नको, कसं ते सांग

हॅलो?… हॅलो, कोण, लोरियान?… हो, मीच. दुसरं कोण उचलणार? फोन वाजला की आमचा जेर्व्हे पेपर आणखी वर धरतो… उशीर झाला तुला. रविवारी साडेचार म्हणजे साडेचार, पावणेपाच नव्हे.

झोप लागली होती?… दिवसाढवळ्या? अगं, परवा परीक्षा आणि तू झोपा काढतेस. तुझ्या जागी मला घास गिळवला नसता.

बरं, बरं. जाऊ दे. वही उघडलीस?… चाळीस इंग्रजी शब्द आहेत ना? चालण्याचे, धावण्याचे, पडण्याचे, सगळे?… एकोणचाळीस. एक कुठे सांडला?… काही हरकत नाही, सापडेल.

मंगळवारी कितीला बोलावलंय?… सव्वानऊ. म्हणजे सातला निघायलाच हवं, रस्त्यावर बर्फ असलं तर त्याच्याही आधी. बाबा सोडतायत ना?… दूध डेअरीत घालून मग. आणि आत्ता कुठेत ते?… डेअरीतच. सातपर्यंत येतील. म्हणजे घरात तू आणि अन्सेल्म आजोबा. आणि ते कुत्रं, काय नाव त्याचं… पिको. छान. तिघं आहात, पुष्कळ झालं.

आता मला सांग, गेल्या वर्षी कस्टमच्या परीक्षेत तू कशापायी नापास झालीस?… घाबरून नाही. माझ्याशी खोटं बोलू नकोस. तुला चित्र दाखवलं, स्टेशनचं, दहा माणसं होती त्यात. आणि तू काय म्हणालीस? हा आत जातो. ती वर जाते. हे दोघं बाहेर जातात… दहा माणसं आणि तुझ्याजवळ 'जातो' एवढा एकच शब्द. तूच मला रडत रडत सांगितलंस, मी काही तिथे टेबलाखाली बसले नव्हते.

रडू नकोस, तुझ्या एकटीची चूक नाही ती. आपल्या सगळ्या फ्रेंच लोकांचं इथंच घोडं पेंड खातं. अठ्ठावीस वर्षं शिकवलं मी, दरवर्षी तेच. आपण कुठे गेला ते आधी सांगतो, कसा गेला ते राहिलं तर राहिलं. इंग्रजाला आधी चाल दिसते… आणि तुला तर स्वित्झर्लंडच्या नाक्यावर उभं राहायचंय. तिथे कुठे चाललाय ते प्रत्येक जण खोटंच सांगणार आहे. कसा चाललाय ते तुलाच बघायला लागेल… हो. म्हणून म्हणते. कुठे ते नको, कसं ते सांग.

नियम आठवतायत? म्हण बघू… एक, धडा चालू असेपर्यंत फ्रेंच बोलायचं नाही. बरोबर. मी बोलेन, मी पास झालेय… दोन, शब्द वहीतून वाचायचा नाही, समोरच्या जित्या माणसाकडे बघून सांगायचा. आणि तीन?… तीन काय?… विसरलीस ना? मी 'धडा संपला' म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. मागे गाय व्यायली म्हणून ठेवलास. व्यायली असेल बापडी, पण नियम तो नियम.

चल. खिडकीबाहेर कोण दिसतंय?… झडपा लावल्यात. बरोबर, या बिझ वाऱ्यात कोण उघड्या ठेवील. आमच्याकडेही तीन दिवस झाले, उत्तरेकडून नुसता सोलून काढतोय माणसाला… थांब जरा. तुझ्याकडून आज वाऱ्याचा आवाज येत नाहीये. गेल्या रविवारी नुसती शिट्टी ऐकू येत होती फोनमधून. काय केलंस?… खरंच लावलीस? त्या भिंतीतल्या हवेच्या जाळीवर?… चिकटपट्टी, चार पदर. आणि मागून फडकं. बघ, मी म्हटलं नव्हतं? कसं शांत झालं. माझी आई चिंध्या कोंबायची त्यात, थंडी पडली की पहिलं काम ते. भिंतीला भोक पाडून वर हिवाळ्यात चूल पेटवायची, कोणा शहाण्याने काढलं हे कोण जाणे.

चूल पेटलीय ना?… सकाळपासून. मग ऊब असेल. तरी म्हटलं तुझा आवाज असा पेंगुळलेला का येतोय.

बरं, घरातलेच घेऊ. अन्सेल्म आजोबा काय करतायत?… बसलेत. बसण्याचा शब्द नकोय मला, चालीचा हवाय. उठव त्यांना. सांग, मादाम क्लेर्जेंची आज्ञा आहे… काय म्हणाले?… अस्सं? मादाम क्लेर्जेंनी स्वतः येऊन उठवावं? सांग त्यांना, मी आले तर कान धरून उठवीन. चाळीस वर्षांपूर्वी माझ्याशी नाचताना तीनदा पाय तुडवला होता माझा, तो हिशेब बाकीच आहे.

हसले?… नाही? एरवी हसतात.

असू दे, कुत्र्यापासून सुरू करू. पिकोला हाक मार… इंग्रजीत मार. कम, पिको… आला?… कुठून आला ते नको. कसा आला?… 'ही कम्स टू मी.' लोरियान. काय सांगतेय मी मघापासून? पालथ्या घड्यावर पाणी. तो कुत्रा आहे, टपालाचं पाकीट नाही. धावत आला, उड्या मारत आला, दबकत आला, कसा आला?… हळू. हळू म्हणजे कसं हळू? म्हातारा हळू चालतो, चोरही हळू चालतो, त्यांचा शब्द एकच आहे का?

बघ नीट त्याच्याकडे. पुन्हा बोलाव… हं… हं… स्टॅगर. अरे वा. कुठून आठवला? तोच चाळिसावा असणार, सांडलेला. स्टॅगर म्हणजे?… अगं फ्रेंच नको, हाताने दाखवतेस का फोनवर? मी सांगते. झोकांड्या खात येणं. प्यालेला माणूस दारूच्या दुकानातून घरी येतो तसं. शाब्बास, शब्द पक्का. पण कुत्रा कसा झोकांड्या खाईल?… खरंच खातोय? मागचे पाय घसरतायत?… अन्सेल्म आजोबांनी जेंशियनची दारू पाजली असेल त्याला. त्यांचा काही नेम नाही, वासरालाही पाजतील.

काय?… 'माय हेड.' डोक्याचं काय? वाक्य पूर्ण कर… दुखतंय. हं. परीक्षा जवळ आली की तुझं डोकं दुखतं, शाळेपासून बघतेय मी. पाणी पी… प्यायलीस की मळमळतं? दुपारी जेवलात काय?… सॉसेज, बटाटे, वर वितळलेलं चीज. मग होणारच. अंगावर आलंय ते, थोडी फिरलीस की जाईल. चल, पुढे.

आजोबा उठले? स्वतःहून?… कशाला?… चुलीत लाकूड घालायला. झक्कास. आता नीट बघ, नजर हलवू नकोस, परीक्षकांसमोर असंच चित्र येणार आहे. म्हातारा माणूस खुर्चीतून उठतो, चुलीपाशी जातो. कसा जातो?… पहिला शब्द बरोबर, शफल. पाय घासत, न उचलता. पायात लाकडी सपाता असतील ना… आहेत. मग शफलच. पुढे?… टेबल धरलं. का धरलं?… का ते मला नको, बरोबर आहे, कसं ते. मग?… स्टॅगर. परत?

नाही, हे चालायचं नाही. एक शब्द सापडला म्हणून सगळ्यांच्या गळ्यात बांधायचा नाही. कुत्रा स्टॅगर, म्हातारा स्टॅगर. परीक्षक म्हणतील, या बाईच्या घरी सगळे पिऊन पडलेले असतात. आजोबा प्यायलेत का?… बाटली कपाटात आहे. सील फोडलेलं नाही… सकाळपासून थेंबही नाही. मग दुसरा शब्द शोध. लिम्प असेल, लंगडत असतील. डावा गुडघा दुखतो ना त्यांचा?… लंगडत नाहीयेत. दोन्ही पाय… काय दोन्ही पाय?… इंग्रजीत… गळून गेल्यासारखे.

बसले का ते?… कुठे?… जमिनीवर. जमिनीवर का बसले?… कुठे ते मीच विचारलं, माहीत आहे. लोरियान, ते बसले की पडले?… हळूच बसले. चुलीला पाठ लावून. हं. म्हातारपण आहे, दम लागला असेल. काही बोलतायत?… झोपले?

बरं… बरं. झोपू देत.

आता तू. तू स्वतः उठ. हो, तू. वायर पुरते तिथपर्यंत जा, नळापर्यंत जा आणि परत ये, आणि मला सांग कशी गेलीस. आय वॉक, आय रन, आय टिपटो, काय वाट्टेल ते, पण खरं खरं. स्वतःची चाल सांगता आली ना, की दुनियेची सांगता येते… जा. मी धरलाय फोन.

गेलीस?… एवढा वेळ का लागतोय?… काय पडलं?… खुर्ची. तू पाडलीस?… बरं, लागलं नाही ना? सांग आता. कशी गेलीस?

पुन्हा सांग.

नाही, मी ओरडत नाहीये. पुन्हा सांग फक्त.

स्टॅगर.

थांब. एक मिनिट, काही बोलू नकोस, मला विचार करू दे… कुत्रा. मग म्हातारा. मग तू. एका घरात तिघं आणि तिघांची चाल एक… दुपारी झोप लागली तुला. डोकं. मळमळ…

लोरियान, नीट ऐक. मी विचारते तेवढंच सांग. चुलीचं दार उघडं आहे की बंद?… बंद. काचेतून जाळ दिसतो?… कसा आहे?… पिवळा, आळशी. काचेवर काजळी आहे?… काळीभोर. कालपासून. आणि धुराड्यातून वारा उलटा येतोय का, भुक्कन धूर येतो का मधूनच?… येत होता. सकाळी. मग वास गेला. अगं, वास गेला म्हणजे काही गेलं नाही… काही नाही, मी माझ्याशी बोलतेय.

जाळीवर चार पदर.

जेर्व्हे. जेर्व्हे, पेपर ठेव. तुझा मोबाइल कुठाय?… बंबवाल्यांना लाव. अठरा नंबर… काय झालं ते नंतर. लाव आधी… सांग, चुलीचा विषारी वायू, दोन माणसं, आत आहेत, एक उठत नाहीये. कोंब-नोआर, वरची वस्ती, व्ह्युमेंचं घर… डेअरीच्या पुढे डावीकडे, शेवटचं. हो. आणि सांग, मुलगी माझ्याशी फोनवर आहे.

लोरियान? आहेस ना?… हो, आहेस. गुणाची ती. आता त्या नळावरच्या खिडकीचा खिट्टा दिसतोय का तुला?… तो उघड. काच उघड फक्त, झडपा राहू देत… पोचत नाही हात? मघाशी तर नळाशी गेलीस… हात उचलत नाही. बरं. खिडकी राहू दे. दार. अंगणाचं दार किती लांब आहे तुझ्यापासून?… सहा पावलं. किल्ली लावलीय?… नाही. देवाची कृपा. खाली ती कापडाची लांब गुंडाळी आहे ना, वारा येऊ नये म्हणून सरकवलेली? ती लाथेने बाजूला कर आणि दार ओढ. आतच उघडतं ना ते?… हां, आत.

मग जा ना. काय थांबलीस?

नाही, आता शब्द नको. शब्द नकोत मला. फ्रेंचमध्ये बोल. अगं, नियम मोडला, मीच मोडला, आपल्या भाषेत बोल माझ्याशी… 'आय गो टू द डोअर.' अगं इंग्रजी सोड गं आता… ऐकतेस का? लोरियान, तू कुठल्या भाषेत बोलतेयस ते तुला कळतंय का?

जेर्व्हे, काय म्हणाले?… बारा मिनिटं? बारा मिनिटं कशी?… हो, रविवार आहे, पण त्यांच्या गावचे बंबवाले म्हणजे बेकरीवाला आणि शाळेची बस चालवणारा, घरीच असतील दोघं… भोंगा वाजवलाय. बरं. बारा मिनिटं खूप झाली रे. त्या फोनवरच्या बाईला विचार, दुसरं काय करायचं… बाहेर काढा म्हणतात. ते मलाही कळतंय.

लोरियान. उठ… उठलीस?… गुडघ्यावर. ठीक आहे, गुडघ्यावर तर गुडघ्यावर. उभं राहायची गरजच नाही. यादीत एक शब्द आहे, बाळं करतात तो. सांग… क्रॉल. बरोबर. रांगणं. आता तो करून दाखव मला. हात पुढे, मग गुडघा. दाराकडे.

काय?… आजोबा? नाही. आधी दार. ऐक माझं, ते तुझ्या दुप्पट वजनाचे आहेत. तू दार उघडलंस की हवा त्यांच्याकडे जाईल, तू ओढायची गरज नाही. आधी दार… अगं हो, मला माहीत आहे ते तुझे आजोबा आहेत. तीनदा पाय तुडवलाय त्यांनी माझा, मला काय त्यांची काळजी नाही?… आधी दार, बाळा.

का सोडत नाहीस?… काय सोडत नाहीस?… फोन.

फोन ठेवता येत नाही. तीन नंबरचा नियम.

अगं पोरी.

ऐक. धडा संपला… ऐकलंस का? मी म्हणतेय, मादाम क्लेर्जे म्हणतेय. धडा संपला. पैकीच्या पैकी. सोड फोन… ठेवायचा नाही जागेवर, नुसता सोडून दे, लोंबकळू दे वायरीला. मी इथेच आहे. मी ठेवत नाही. तू सोड आणि जा. क्रॉल. कुठे ते सांगते मी, दाराकडे. कसं ते तुला येतं.

जा.

…लोरियान?

सोडला. जेर्व्हे, सोडला तिने. टक टक येतंय, भिंतीवर आपटतोय रिसीव्हर… शू. बोलू नकोस. ऐकू दे.

काहीतरी घासतंय. हो, फरशीवर. हात, मग… हो. रांगतेय. क्रॉल, लोरियान, अस्संच. ऐकू जात असेल का तिला? वायर लांब आहे का?… जोरात बोलते मी. क्रॉल. उजवा हात. डावा. थांबायचं नाही. माझ्या वर्गात कुणी थांबत नाही.

थांबली. जेर्व्हे, घासणं थांबलं.

लोरियान. लोरियान व्ह्युमें. तू नववीत असताना पावसात सायकल मारून आली होतीस तिमाही परीक्षेला, अर्धा तास उशिरा, पायातून रक्त, आणि मी तुला आत घेतलं नव्हतं. आठवतं? आत घ्यायला हवं होतं. आज मी तुला बाहेर जा म्हणतेय, आणि तू ऐकणार आहेस. उचल हात… उचल.

हां. हां, आला आवाज. पण हा वेगळा आहे… जड काहीतरी. फरफटल्यासारखं. टेबल सरकवतेय का?… नाही. सपाता. लाकडी सपाता वाजतायत फरशीवर. जेर्व्हे, ती त्यांना ओढतेय. मी आधी दार म्हटलं होतं, ती मागे फिरली आणि म्हाताऱ्याला ओढतेय. कधी म्हणून ऐकलं असेल या पोरीने माझं… नाही, कधी नाही असं कसं म्हणू. जाळीचं ऐकलं.

तू बघू नकोस माझ्याकडे असा.

किती मिनिटं झाली?… सातच?… घड्याळ बरोबर आहे का तुझं?

काही येत नाहीये आता. टकटकसुद्धा थांबली. लोरियान… लोरियान, ऐक ना. दार उघडलंस तर वारा येईल आत, मला ऐकू येईल तो. मला वाऱ्याचा आवाज ऐकव. गेल्या रविवारसारखा. मला चालेल. कितीही जोरात चालेल, मी काही म्हणणार नाही.

…

जेर्व्हे, लाव परत त्यांना. विचार कुठे पोचले… कुठे नको, विचार किती जोरात येतायत.

शू.

ऐकू आलं तुला?… घे, कान लाव. शिट्टी. तो बारीक आवाज, येतोय ना?… वाराच आहे तो. बिझच आहे. दार उघडलंय. थोडंसं, फटीएवढं असेल, पण उघडलंय. बघ, आता मोठा झाला… आणि मागे तो भोंगा, गावातला, बंबवाल्यांच्या कचेरीवरचा. दार बंद असताना नव्हता येत.

शाब्बास गं. शाब्बास माझी बाई.

आता कुत्रं. कुत्रं भुंकतंय का?… नाही. वाराच आहे नुसता.

गाडी आली. दारं आपटली. पावलं, दोन जण… तीन. धावतायत. बूट. हॅलो… हॅलो, इकडे, फोन भिंतीशी लोंबतोय, उचला कुणीतरी… ऐकत नाहीत. पहिल्यांदा तिला बघा, बरोबर आहे, फोन मरू दे.

…

हॅलो?… हो. हो, मीच फोन करायला लावला, मी तिची शिक्षिका. तुम्ही कोण?… तिएबो, बेकरीवाले. माझ्याच वर्गात होतात तुम्ही, मागच्या बाकावर. सांगा मला… दाराबाहेर सापडली, हो, ते 'कुठे' झालं. कशी? कशी होती ते सांगा… म्हणजे हालत होती का?

रांगत होती.

बर्फात. अजून रांगतच होती… आणि हातात?… आजोबांची कॉलर. सुटत नव्हती हातातून.

बस रे जेर्व्हे, बस. मी ठीक आहे. खुर्ची दे.

नाही, मी ऐकतेय. प्राणवायू लावलाय… डोळे उघडे आहेत. काय बडबडतेय?… इंग्रजीत? कळत नाही तुम्हाला?… तुम्हाला तेव्हाही कळत नव्हतं, तिएबो. कानाला लावू नका फोन तिच्या, बोलायला लावू नका. तिला एवढंच सांगा, आता झोपून राहायचं. सांगा, मी सांगितलंय.

आणि अन्सेल्म?… म्हणजे?… श्वास आहे. पण डोळे नाही उघडले… किती वेळ झाला असेल? मी सांगते तुम्हाला नेमकं, पाच वाजून दहा मिनिटांनी ते जमिनीवर बसले. मी विचारलं होतं बसले की पडले. मग मी म्हटलं झोपू देत… हो, मी म्हटलं. लिहून घ्या, डॉक्टरांना ही वेळ सांगावी लागेल.

कुत्रं?… अच्छा. चुलीपाशीच. बरं.

तिच्या बापाला कुणी कळवलं?… रस्त्यात आहे. बरं.

काय?… जाळी. हो, चिकटपट्टी. चार पदर, मागे फडकं… तिनेच लावली, पण नाही, थांबा. तिला विचारू नका हे. आत्ता नाही आणि नंतरही नाही. आणि बापासमोर तर मुळीच नाही. दरवर्षी कुणीतरी लावतंच, तुम्हालाही माहीत आहे, तुमच्याही बेकरीत असेल. पण ही मी लावायला सांगितली होती… मी. गेल्या रविवारी, याच वेळेला, याच फोनवर. तिला थंडी वाजत नव्हती हो. ती तर म्हणाली होती, बाबा रागावतील, जाळी झाकायची नसते. मीच म्हटलं, लाव गं, काही होत नाही. त्या जाळीतून वारा शिट्टी घालत होता आणि मला तिचे उच्चार नीट ऐकू येत नव्हते. एवढ्यासाठी. मला ऐकू यावं म्हणून.

लिहिलंत?… नाव लिहा. क्लेर्जे. इव्हेत क्लेर्जे… तिएबो, लिहिताय ना?

हॅलो?… हॅलो?

जेर्व्हे, फोन कधी ठेवला त्यांनी? तू बघत होतास, कुठपर्यंत होते ते लाइनीवर?… नाव सांगताना होते?… जाळीचं ऐकलं त्यांनी?

तू तर ऐकलंस.

माझा कोट दे. आणि गाडीची किल्ली… नाही, मी चालवते. तिचा बाप पोचायच्या आत मला तिथे पोचायचंय.